इंजिन बंद झाल्यावर

सकाळी सव्वानऊला बांधापलीकडचा ट्रॅक्टर बंद झाला आणि फोनवरचं बोलणं तिला नीट ऐकू येऊ लागलं.

फोन गवत कापायचं यंत्र विकणाऱ्या दुकानदाराचा होता. नवं यंत्र चालवाल त्या पहिल्या दिवशी चौकशी करीन, असं तो म्हणाला होता. ती मघापासून पंपाच्या खोलीच्या पायरीवर बसून होती. इंजिनाचा सूर जरा बदलला की ती मान उंच करून बांधाकडे बघायची. आता सगळं शांत झालं. तिने भिंतीला पाठ टेकली.

"बंद केला ह्यांनी," ती म्हणाली. "गवत अडकलं असेल. काढतील."

भीतीला कारण होतं. गेल्या हंगामात जुन्या यंत्राने तिच्या नवऱ्याला कालव्याच्या काठावर नेऊन ठेवलं होतं. ट्रॅक्टरमागची जड पाती वेगात फिरत होती. त्याने क्लच दाबला, पण पात्यांचा जोर त्यांना फिरवणाऱ्या दांड्यातून, शाफ्टमधून, उलटा आला आणि ट्रॅक्टरलाच पुढे रेटत गेला. थांबला तेव्हा पुढची चाकं काठाबाहेर होती. त्या संध्याकाळी तिने सांगून टाकलं, हे यंत्र पुन्हा जोडायचं नाही.

नवं यंत्र तिनेच निवडलं. उडणारे दगड अडवायला मागे साखळ्या आहेत का, फिरत्या शाफ्टवर आवरण पूर्ण आहे का, आपल्या ट्रॅक्टरला एवढी रुंदी झेपेल का, असं विचारत तिने दुकानामागून दुकान पालथं घातलं.

"यंत्र घेतेस की जावई बघतेस?" नवरा वैतागला होता.

जावयाला निदान चार शब्द सुनावता येतात, असं तिने त्याला ऐकवलं.

शेवटच्या दुकानात तिने कालव्याची हकीकत सांगितली. ह्या शाफ्टचा जोड वेगळा आहे, दुकानदार म्हणाला. इंजिन पात्यांना फिरवेल, पण पाती ट्रॅक्टरला ढकलू शकणार नाहीत. सायकलचं पायडल थांबवलं तरी चाक फिरत राहतं ना, तसं. ट्रॅक्टर ढकलला जाणार नाही, एवढं तिने ऐकलं आणि तिथेच होकार दिला.

नवऱ्याच्या एका सवयीचं मात्र ती चारचौघांत कौतुक करायची. इंजिन बंद केल्याशिवाय तो यंत्राखाली हात घालत नसे. जुन्या यंत्रात इंजिन थांबलं की पातीही त्याच्याबरोबर जागच्या जागी थांबायची. म्हणून किल्ली फिरवायची, उडी मारायची आणि गवताचा गोळा ओढून काढायचा, हे सगळं एका दमात करणं त्याच्या अंगवळणी पडलं होतं. काम थांबल्यावरही बराच वेळ त्याच्या कानात इंजिन घुमत राही. शेजारी उभं राहून बोललेलंही त्याला धड कळत नसे.

गवत काढतील हे ऐकताच फोनवरच्या दुकानदाराने विचारलं, ते खाली उतरलेत का. ती पायरीवर उभी राहिली. बांधावरून ट्रॅक्टरचा वरचा भाग दिसत होता. सीट रिकामी होती. तिने तसं सांगितलं.

"वहिनी, आधी त्यांना थांबवा," दुकानदार म्हणाला. "ह्याची पाती इंजिन बंद केल्यावरही फिरत राहतात. लगेच थांबत नाहीत."

ती फोन हातात घेऊनच धावली. बांध निसरडा होता. ती गुडघ्यांवर पडली, उठली, हाताने गवत धरून वर चढली. ट्रॅक्टर हाकेच्या अंतरावर होता. यंत्र वर उचललेलं होतं. नवरा त्याच्या कडेला तिच्याकडे पाठ करून उकिडवा बसला होता.

"हात काढा!" ती ओरडली. छातीत होता नव्हता तेवढा जीव काढून ओरडली.

कोणीतरी हाक मारतंय, एवढंच त्याला कळलं असावं. मागे न बघता त्याने डावा हात वर केला आणि हलवला. थांब, आलोच.

उजवा हात दिसत नव्हता.