निरोप्याचं भाषण

ऑपरेशन थिएटरच्या बंद दाराकडे बघत बसलेल्या धुपकरबाईंचं मन जरा रमावं म्हणून हेरंबने, त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याने, वर्गातलाच वाद उकरून काढला. "बाई, चारशे वर्षांपूर्वीच्या नाटककारांत मोठा कोण? इंग्रज की फ्रेंच?"

"इंग्रजच," बाई सवयीने म्हणाल्या. "तो मरण डोळ्यांसमोर घडवतो. फ्रेंच ते पडद्याआड उरकतो, आणि मग कुणी निरोप्या येऊन सगळं पहिल्यापासून सांगत बसतो. नाटक बसवताना ते भाषण मी कायम कापलं. 'मेला' एवढं सांग आणि जा."

बोलताना त्यांची बोटं नवऱ्याच्या चष्म्याची काडी उघडमीट करत होती. ऑपरेशनसाठी आत जाताना त्यांनीच तो बाईंच्या हातात दिला होता.

दार उघडलं. मास्क काढत सर्जन आले, बाईंशेजारी बसले आणि खाली बघत म्हणाले, "सकाळी आत घेतलं, तेव्हा त्यांचं बीपी अगदी व्यवस्थित होतं."

हेरंबला राहवेना. "पण डॉक्टर, आता कसे आहेत?"

बाईंनी त्याचं मनगट करकचून धरलं.

"सावकाश सांगा, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून सांगा. काही गाळू नका."