शंट्याची परीक्षा

"हाक मारू नको, हात दाखव. आन् एक ध्यानात ठेव कस्तुरे, याच्यापायी कुणाच्या लेकराला इजा होऊ देऊ नको. वचन दे."

आश्रुबाचं ते शेवटचं धड बोलणं. कस्तुराबाईनं त्याच्या हातावर हात ठेवून वचन दिलं, त्याला आता वर्ष होत आलं. आज सकाळी मैदानाच्या कडेला उभी राहिली तेव्हा तेच शब्द तिच्या कानात घुमत होते. एका हातात साखळी, काखेत पाटी, आणि पायाशी शंट्या.

आश्रुबा, तिचा नवरा, पूर्णा जंक्शनवर पॉइंट्समन होता. पिल्लू असताना हे कुत्रं शंटिंगच्या इंजिनासारखं सारखं मागे-पुढे करायचं, म्हणून त्यानं नाव ठेवलं शंट्या. आता घरात बाई आणि शंट्या, दोघंच.

कस्तुराबाईचं मौन होतं. वर्षातून एकदा ती एकवीस दिवस बोलत नसे; फार अडलं तर पाटीवर लिही. रेल्वेतून निवृत्त झालेल्यांच्या या कॉलनीला ते ठाऊक होतं. दिवस मात्र तिचे तीच मोजायची.

पंधरा दिवसांखाली शेजारच्या राणीची वैष्णवी ओट्यावर झोपलेल्या शंट्याला मागून बिलगायला गेली. तो दचकून उलटला. दात नुसता घासला, पण लेकराला सुया टोचून घ्याव्या लागल्या. त्याच संध्याकाळी बैठक बसली. राणी नाही नाही ते बोलली. कस्तुराबाईनं खाली मान घालून ऐकून घेतलं. मग पाटीवर काहीतरी लिहिलं, आणि कुणी वाचायच्या आत पदरानं पुसून टाकलं.

"कुत्र्याला चार माणसांत राहायचं वळण हाय का न्हाई, ते जाणकाराकडून बघून घेऊ," अध्यक्ष शिवप्रसाद म्हणाला. तो आश्रुबाचा जुना जोडीदार. "पास झाला तर राहील. न्हाईतर पालमला माझ्या मेव्हण्याच्या मळ्यावर धाडू."

तो मळा तिनं पाहिला होता. तिथली कुत्री जन्मभर साखळीला.

जाणकार म्हणजे परभणीचा महारुद्र. पोलिसांच्या श्वानपथकात वीस वर्षं काढलेला माणूस.

"चला बाई, बसवा त्याला."

कस्तुराबाईनं तळहात खाली केला. शंट्या बसला. हात आडवा केला, तो लोळला. ती वीस पावलं लांब गेली आणि छातीशी हात घेतला, तो सरळ धावत आला.

"तोंडानं एक शब्द न्हाई?" महारुद्रानं विचारलं.

"मौन हाय वैनीचं," शिवप्रसाद म्हणाला. "आन् मालक पॉइंट्समन! जिंदगीभर हातातल्या झेंडीनं गाड्या थांबवल्या, तिथं कुत्र्याची काय कथा!"

लोक हसले. मागून बन्सीधर म्हणाला, "आमच्या घरी उलटं हाय. बायको दिवसभर वरडायलीय, तरी मी जागचा हलत न्हाई."

महारुद्रानं शंट्यापुढं बिस्किटं टाकली. कस्तुराबाईचा हात वर होता. शंट्याच्या तोंडाला पाणी सुटलं, पण त्यानं नाक पुढं केलं नाही. मग बन्सीधर त्याच्या पाठीमागं गेला आणि हाका मारू लागला, "शंट्या, यू यू यू! मटण हाय रे!" शंट्याची नजर बाईच्या हातावरून ढळली नाही. तेवढ्यात स्टेशनात इंजिनाचा भोंगा वाजला. कॉलनीतली झाडून सारी मोकाट कुत्री गळा काढून रडू लागली. हा गप्प.

"रेल्वेवाल्याचं कुत्रं," शिवप्रसाद कौतुकानं म्हणाला. "त्याला भोंग्याचं काय!"

शेवटी महारुद्रानं शंट्याच्या मागं जाऊन एक परात दगडावर आदळली. वैष्णवीनं कानावर हात घेतले. लिंबावरची पाखरं उडाली. शंट्या बसला होता तसाच बसून राहिला.

"अव्वल!" महारुद्रानं कागदावर सही ठोकली. "आमच्या पथकात असलं थंड डोक्याचं जनावर मी बघितलं न्हाई."

टाळ्या पडल्या. कस्तुराबाईनं हात जोडले. तिचे डोळे भरून आले होते. लोकांना वाटलं, आश्रुबाची आठवण झाली.

राणी जवळ आली. "काकू, त्या दिवशी मी लय वंगाळ बोलले तुमाला. मन खातंय मला तवापासून. माफ करा."

कस्तुराबाईनं तिच्याकडं बघितलं नाही. पाटी नुसती छातीशी घट्ट धरली.

शंट्या थकून लिंबाच्या सावलीत डोळे मिटून पडला होता.

"आजी, आता मागून त्याच्या गळ्यात पडू?" वैष्णवीनं कस्तुराबाईला विचारलं.

"पड की," राणी हसली. "आता कशाचं भ्या? पास झालाय तो!"

"शंट्याऽ!" लेकरू दोन्ही हात पसरून पळालं. कस्तुराबाई साखळी टाकून मधे धावली आणि पोरीला तिनं वरच्यावर पोटाशी धरलं. वैष्णवी खिदळत हाका मारत राहिली. शंट्या झोपूनच होता.

"काकू, अहो खेळू द्या की," राणी म्हणाली.

कस्तुराबाईनं शंट्याच्या नाकापुढं हात धरला, तो उठल्यावर साखळी उचलली आणि घर गाठलं.

घरी येऊन तिनं पाय धुतले, देवापुढं निरांजन लावलं. रोजच्या नेमानं कॅलेंडरवर मौनाच्या दिवसाची फुली मारली. पंचविसावी. मग पाटी देवापुढं पालथी घातली आणि किती तरी वेळ कपाळ जमिनीला टेकून राहिली.

ऊन कलायच्या आत ती उठली. उंबऱ्याच्या आतल्या बाजूला शंट्या झोपला होता. त्याला ओलांडून तिनं वहाणा घातल्या, बाहेरून कडी लावली, आणि शिवप्रसादाच्या घराकडं निघाली. ऐन वेळी घसा धरू नये म्हणून बोलायचं ते वाटेनं हलक्या आवाजात घोकत होती, "भावजी, शंट्याला दोन वर्षं झाली, कायबी ऐकू येत न्हाई."