घराच्या तोलाचं नाणं

घर धाकट्याला आणि चांदीचं जुनं नाणं थोरलीला, अशी वाटणी वडिलांनी दोन वर्षांपूर्वी, हयातीतच करून टाकली होती. “घराच्या तोलाचं आहे, पोरी. जिवापाड जप,” असं ते म्हणाले आणि थोरलीने घरावरचा हक्क सोडल्याची सही मुकाट्याने करून दिली.

आता वडील गेल्यावर ती नाणं घेऊन पारख्याकडे आली. त्यावरचा काळपटपणा तिने तसाच राखला होता. घासलं की जुन्या नाण्याची किंमत जाते, हे तिला कुणीतरी सांगितलं होतं.

“विकायचं नाहीये मला,” ती म्हणाली. “नीट जतन करून, ग्रेड ठरवून, सीलबंद डबीत हवंय. भावजय येता-जाता टोमणे मारते, ‘वन्सं, मामंजींनी तुमच्या तोंडाला पानं पुसली.’ तिच्यासमोर ती डबी ठेवायचीय एकदा.”

पारख्याने नाणं कडेवर उभं धरून भिंगातून पाहिलं आणि भिंग खाली ठेवलं.

“ताई, उगाच खर्चात पडू नका. आत तांबं आहे, वर नुसता चांदीचा मुलामा. कडेला ही बारीक रेघ दिसते ना, ती कानशीने मीच ओढलीय. तीन वर्षांपूर्वी एक म्हातारे गृहस्थ हेच नाणं घेऊन आले होते. आतलं तांबं त्यांना दाखवायला ओढली.”

“फार लागलं असेल हो त्यांच्या मनाला.”

“छे. घरातल्या माणसाला हे ओळखता येईल का, एवढंच विचारलं त्यांनी.”