बख्शलेला धूर

मोहिउद्दीन मिस्त्रीनं फोन आधी सायकलवरून फिरवला, चेन दाखवली, नवा टायर दाखवला, मग स्वतःच्या तोंडासमोर धरला. पलीकडे बर्लिनमध्ये त्याची लेक अलफिया हसत होती. शहनाज मागे ओट्यावर तांदूळ निवडत होती, मान वर न करता.

"सालभर झालं बेटा, आपल्या गाडीले हात नाही लावला," तो म्हणाला. "घर ते दारव्ह्याचं दुकान, रोज सायकल. दिग्रसच्या शादीलेबी सायकलनंच गेलतो. पोचलो तं लोकं जेवून हात धून राह्यलते."

मोटरसायकली दुरुस्त करणारा माणूस सायकलवर येतो म्हटल्यावर दारव्ह्याच्या लोकांना आयतंच सापडलं होतं. मिस्त्री, गाडी बिघडली की डोकं, असं तोंडावर विचारत. तो हसून पान्हा उचलायचा. कारण सांगितलं असतं तर आणखी हसले असते.

अलफियाची नोकरीच अशी, की माणसं गाडीनं, बसनं, विमानानं फिरतात त्याचा किती धूर हवेत जातो ते मोजायचं. मोजता मोजता पोरीनं स्वतःलाच बांधून घेतलं. विमानात पाय ठेवायचा नाही. मी एकदा येऊन गेले तर जेवढा धूर होतो, तेवढा तुमची गाडी कित्येक वर्षांत सोडत नाही, असं ती मागच्या ईदला म्हणाली होती. दुसऱ्या वाटेनं यायला सुटी पुरत नाही. तेव्हापासून शहनाजनं 'कधी येतेस' हे विचारणंच सोडलं. विचारलं की पोरगी रडते, आणि रडली की फोन लवकर बंद होतो. आईचा जीव मात्र तीळतीळ तुटायचा.

मोहिउद्दीननं घसा साफ केला. "हे पाह्य, माह्या अब्बाच्या, तुह्या दादाच्या नावानं आपन उन्हाळ्यात पानपोई लावतो. त्याचा सवाब, त्याचं पुन्य त्याह्यले पोचते ना? मंग मी वाचवलेला धूर तुले काहून नाही पोचनार? मी तो तुले बख्शला, तुह्या नावावर केला. आता ये विमानानं."

"मौलानांले विचारलं?" अलफियानं विचारलं.

"विचारलं ना. म्हनाले, धुराचं मले माहीत नाही, पन नियत चांगली हाये."

अलफिया हसली नाही. असं नसतं अब्बा, एवढं सांगून मोकळं होता आलं असतं. पण बापानं वर्षभर उन्हातान्हात पायडल मारलं होतं. ती कॉम्प्युटरकडे वळली. गाडी लिटरला किती जाते ते विचारलं, दुकान किती लांब ते विचारलं, जणू तिला ते ठाऊकच नव्हतं. मोहिउद्दीन निकालाच्या दिवशी शाळेत उभा राहावा तसा उभा राहिला. शहनाजचा हात तांदळातच थांबला.

"किती झालं?"

"लय झालं, अब्बा." अलफियाचा आवाज बारीक झाला. "पन पुरत नाही. तेवढ्या धुरात विमान तुर्कस्तानपर्यंतच येते."

"ते आपल्याकून जवळ, का तुह्याकून?"

"माह्याकून."

मोहिउद्दीन सायकलची सीट पुसू लागला. सीटवर धूळ नव्हती.

शहनाज उठली. दुपट्ट्याला हात पुसले, नवऱ्याच्या हातातून फोन घेतला, आणि किती महिन्यांनी लेकीकडे नीट पाहिलं.

"मंग तिथवर तरी ये," ती म्हणाली. "तेवढीच जवळ येशीन."