दगडावरचा फोटो

दर उन्हाळ्यात नेबोयशा व्हिएन्नाहून सर्बियातल्या आपल्या गावी यायचा, तो खिशात नवाकोरा फोन घेऊन. जुना आईच्या पदरात टाकायचा. यंदाच्या जुन्याला तर काचेवर आडवा तडा होता.

"यापेक्षा मी एखादा नवाच घेते रे," राडोयका म्हणाली.

"आता या वयात नवा कशाला, आई? बाबांच्या थडग्याच्या दगडावर त्यांच्या शेजारी तुझंही नाव, फोटो, सगळं आधीच बसवून ठेवलंयस. फक्त साल कोरायचं राहिलंय!" म्हणत तो खो-खो हसला.

त्याची गाडी फाट्यावरून वळली मात्र, राडोयकाने त्याच्यासाठी राखून ठेवलेली राकिया, म्हणजे आलुबुखाराची घरगुती दारू, पिंपासकट विकली आणि दुकानातला सगळ्यात भारी फोन उचलला. घरी येऊन ओठांना लालभडक लिपस्टिक लावली. त्या राकियेतला एक पेला तिने स्वतःसाठी काढून ठेवला होता, तो उंचावून ऐटीत फोटो काढला आणि लेकाला पाठवला.

खाली लिहिलं:



"दगडावरचा फोटो जुना झालाय, हा नवा बसवून घे. सालाचं मी सवडीने कळवते."