अँटिगाची पिंपं

स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉक बंदरातल्या मॅक्विस्टन घराण्याने तीन पिढ्यांत एकाही माणसाला खराब मासळी विकलेली नाही. खराब मासळी ते वेस्ट इंडीजमधल्या अँटिगा बेटाला पाठवत. तिथे ती उसाच्या मळ्यांवरचे गुलाम खात, आणि गुलामांची गणती घराण्याच्या लेखी खेचरांबरोबर होत असे.

प्रभुभोजनाच्या रविवाराआधीचा गुरुवार म्हणजे सबंध गावाला उपास आणि कामाला सुट्टी. तरी आर्चिबाल्ड मॅक्विस्टन यांच्या वखारीत सकाळपासून बायका हेरिंग मासळी पिंपांत भरत होत्या. भुकेल्याला अन्न धाडणं हे दयेचं काम, त्याला सुट्टी लागू नाही, असा निर्वाळा पाद्रीसाहेबांनी दिला होता. ही पिंपं नेणाऱ्या जहाजात पाद्रीसाहेबांचा आठवा हिस्सा होता.

मॅक्विस्टन स्वतः चर्चचे पंच. काळा कोट चढवून ते वखारीतच शिशाचे बिल्ले वाटत होते. बिल्ला असेल त्यालाच रविवारी प्रभूच्या मेजाशी बसता येई. जिला बिल्ला नाही, तिच्या मुलाला बाप्तिस्मा नाही. आणि बाप्तिस्म्याविना गेलेलं मूल स्वर्गाला मुकतं, असं बायका मानत. पिंपं भरणाऱ्या ग्रिझेलचं बाळ तीन आठवड्यांचं होतं, त्याचा बाप्तिस्मा व्हायचा होता आणि दोन दिवस ते दूध ओढत नव्हतं.

ग्रिझेल पिंपात वाकली आणि तशीच मागे सरली.

"मालक, ही सडलीय."

"मीठ जास्त टाक."

"मीठ टाकून काय होणार? हाताला नुसता लगदा लागतोय."

"तिकडे ऊन फार असतं. वास कशाचा येतोय ते कुणाला कळत नाही."

"मग एक खाऊन बघा. तुम्ही चांगली म्हणालात, की ठोकते झाकण."

बायकांचे हात थांबले. मॅक्विस्टन यांनी क्षणभर डोळे मिटले.

"आज माझा उपास आहे, ग्रिझेल."

मग ते शेजारच्या बेथियाकडे वळले. "तुला येतो का गं वास?"

"मला मेलीला सर्दी झालीय, मालक."

बेथियाला बिल्ला मिळाला. पुढचा बिल्ला त्यांनी दोन बोटांत धरून ठेवला.

"मालावर खोटा आळ घेणाऱ्याला प्रभूच्या मेजाशी जागा नसते," ते म्हणाले. "बाळ कसं आहे तुझं?"

ग्रिझेलने पिंपाकडे पाहिलं. मग त्यांच्या बोटांतल्या बिल्ल्याकडे.

"मिठाचाच वास असेल," ती म्हणाली, आणि ओला हात पुढे केला.

संध्याकाळपर्यंत तिने आणखी अकरा पिंपं भरली.