पाच वर्षांचा कांदा

"मानवजातीने कर्करोगावर विजय मिळवला आहे!" इस्पितळाने पाठवलेल्या टूथब्रशने घोषणा केली. "आता कृपया थुंका."

अच्युतराव थुंकले. लिम्फोमाच्या, म्हणजे त्यांच्या कर्करोगाच्या, जनुकांचा मागमूस उरलाय का, हे ब्रश सांगणार होता. उपचारांनंतरच्या पाचव्या वर्षाची ही शेवटची तपासणी. दाराबाहेर कुमुदताई श्वास रोखून उभ्या होत्या. नवरा पुरता बरा होईपर्यंत त्यांनी कांदा सोडला होता, आणि सोबत म्हणून अच्युतरावांनीही.

"लिम्फोमा शून्य," ब्रश म्हणाला. "कांद्याची जनुकं मात्र मुबलक. बहुधा कालची भजी."

अच्युतराव मान खाली घालून बाहेर आले. "कुमुद, ते काल जरा..."

"काल? अहो, पाच वर्षं शर्टाला वास येतोय!" कुमुदताईंनी पदराने डोळे पुसले. "बरे झालात ना, मग झालं. आता मला एक कांदा चिरून द्या. जरा जाडसर."